सांगली: पहिल्याच डावात पिक्चरमधला प्रेताचा सीन घ्यायचाय

प्रश्न: विश्रामबागेत रविवारी चौघांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलाभोवती बसून आपापलं पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) पहिला डाव आहे. त्यावरचा पिक्चर ‘ऑनर अमंग थीव्ज’ (२०२३) सगळ्यांनी पाहिलाय. प्रेताला पाच प्रश्न विचारायचा प्रकार खेळात तसाच आहे का? शिवाय एकीला आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) व्हायचंय. खेळाचे २०१४ चे नियम वापरतोय.

उत्तर १: हो, ‘स्पीक विथ डेड’. पाच प्रश्न, १० मिनिटं, प्रेताचं तोंड शाबूत हवं. त्याच प्रेतावर १० दिवस पुन्हा चालत नाही. पण हा तिसऱ्या पातळीचा मंत्र, क्लेरिकलाही (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र) स्वतःच्या पाचव्या लेव्हलला मिळतो. म्हणून हा मंत्र असलेला, एकदाच चालणारा ताईत खेळाडूंच्या हाती लागू द्या. टेबलावर पाच शेंगदाणे मांडा, प्रश्न झाला की एक उचला. “ऐकू येतंय का?” हासुद्धा प्रश्नच, पिक्चरमध्ये तिथेच घोळ होतो! प्रेताला जिवंतपणी माहीत होतं तेवढंच ते सांगतं, त्यामुळे महत्त्वाचा धागा एकाच प्रेतावर ठेवू नका, डाव अडकतो.

उत्तर २: आउलबेअर नियमात बसत नाही. ड्रुइडला (प्राण्याचं रूप घेऊ शकणारं निसर्गजादूचं पात्र) फक्त ‘बीस्ट’ म्हणजे साधा प्राणी होता येतं, आउलबेअर ‘मॉन्स्ट्रॉसिटी’ म्हणजे राक्षसी जीव आहे. तरी तिला नाही म्हणू नका. तिचं पात्र दुसऱ्या लेव्हलची सर्कल ऑफ द मून (रूप बदलण्यात तरबेज शाखा) ड्रुइड करा, आकडे ब्राउन बेअरचे म्हणजे तपकिरी अस्वलाचे घ्या (३४ हिट पॉइंट म्हणजे जीव, आर्मर क्लास म्हणजे बचाव ११), वर्णनात पिसं आणि चोच द्या. खऱ्या आउलबेअरचे आकडे दिलेत तर बाकी तिघांना लढाईत कामच उरणार नाही.

प्रश्नकर्ता: शेंगदाण्यांची युक्ती झकास. सगळ्यांना दुसऱ्या लेव्हलवरूनच सुरू करतो.