चर्चा: शिकारीच्या बाणाला पुढे वजन किती, आणि स्पाइन आधी की वजन आधी?

प्रत्यंचा (धागाकर्ता)

नेहमीचा क्रम असा असतो: ड्रॉ वेट (धनुष्य ओढायला लागणारा जोर) आणि बाणाची लांबी घेऊन तक्त्यात स्पाइन (बाणाच्या काडीचा ताठपणा) शोधायचा, तो शाफ्ट (बाणाची काडी) आणायचा, 100 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) टोकावर नेम बसवायचा आणि हंगाम तोंडावर आला की बाण खोल घुसावा म्हणून त्याच शाफ्टवर 200 ग्रेनचे ब्रॉडहेड (धारदार पात्यांचे शिकारीचे टोक) चढवायचे. हा क्रमच उलटा आहे. पुढचे वजन आधी ठरवा, स्पाइन त्यावरून काढा. आणि ते वजन, म्हणजे इन्सर्ट (टोक बसवायला शाफ्टच्या तोंडात चिकटवलेला तुकडा) अधिक ब्रॉडहेड, 250 ग्रेनच्या खाली ठेवू नका.

शाफ्टवर छापलेला आकडा स्थिर स्पाइनचा असतो. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट ठेवून मधोमध 880 ग्रॅम टांगले आणि तो 0.340 इंच वाकला, तर तो 340. आकडा जितका लहान तितका शाफ्ट ताठ. पण दोरी सुटते तेव्हा भार वरून येत नाही, मागून येतो. पुढचे वजन जागचे हलायला वेळ घेते आणि शाफ्ट मध्ये वाकतो. टोक जड केले, शाफ्ट लांब ठेवला, ड्रॉ वेट वाढवले, की हा बाक वाढतो. म्हणून 100 ग्रेनला योग्य असलेला 400 चा शाफ्ट 200 ग्रेनखाली मऊ पडतो आणि शेपूट हलवत जातो. सरावाचे टोक ते झाकून नेते, ब्रॉडहेडची पाती झाकत नाहीत.

60 पौंडांचे कंपाउंड (टोकांना चाके असलेले धनुष्य) आणि 28 इंची शाफ्ट धरून दोन जुळण्या:

पहिली: 340 चा शाफ्ट (8.5 ग्रेन प्रति इंच), इन्सर्ट 15, टोक 100, नॉक (शेपटीचा, दोरीत अडकणारा खाचेचा तुकडा) 9, तीन व्हेन (शेपटीची पिसे) 18. एकूण 380 ग्रेन, एफओसी साधारण 12.6 टक्के.

दुसरी: 250 चा शाफ्ट (10.5 ग्रेन प्रति इंच), पितळी इन्सर्ट 75, ब्रॉडहेड 200, नॉक 9, चार व्हेन 24. एकूण 602 ग्रेन, एफओसी 21 टक्क्यांच्या आसपास.

एफओसी म्हणजे बाणाचा तोल मध्यापासून किती टक्के पुढे आहे ते. बाण बोटावर तोला, नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंत मोजा, त्यातून बाणाची निम्मी लांबी वजा करा, पूर्ण लांबीने भागा आणि 100 ने गुणा. लांबी शाफ्टच्या कडेपर्यंतच घ्यायची, टोक धरायचे नाही.

हाडावर आदळल्यावर दुसरा बाण ढकलत राहतो, पहिला थांबतो.

मध्यरेषा

क्रमाबद्दल पूर्ण सहमत. 250 ग्रेनच्या अटीबद्दल अजिबात नाही.

तुमच्याच जुळण्या घेऊ. पहिला बाण त्या धनुष्यातून 275 फूट प्रति सेकंदाने निघतो असे धरा, दुसरा 223 च्या जवळपास जाईल. गतिज ऊर्जा पहिल्याची 64 फूट-पौंड, दुसऱ्याची 66. म्हणजे जवळजवळ सारखीच. संवेगात फरक आहे, 0.46 विरुद्ध 0.60, तो मान्य. आता त्याची किंमत बघा. जनावर 35 यार्डांवर आहे आणि अंदाज चुकून 30 ची पिन (धनुष्यावरची त्या अंतराची नेमखूण) लावली. हलका बाण साधारण 4 इंच खाली लागेल, जड बाण 6 इंच. हरणाच्या फुप्फुसांचा भाग आधीच लहान, त्यात हे 2 इंच म्हणजे लागलेला बाण आणि जखमी होऊन पळालेले जनावर यांतला फरक. अंतर चुकणे हीच सर्वात जास्त घडणारी चूक आहे. खांद्याच्या हाडावर बाण जाणे त्यामानाने कमी घडते, आणि तेही बरेचदा अंतर चुकल्यामुळेच.

मधली जुळणी घ्या ना: 300 चा शाफ्ट, 9.5 ग्रेन प्रति इंच, इन्सर्ट 50, ब्रॉडहेड 125, तीन व्हेन. एकूण 468 ग्रेन, एफओसी 16 ते 17 टक्के, वेग 250 च्या आसपास. पातळ कातडीच्या जनावराला दोन पात्यांच्या धारदार ब्रॉडहेडसह हा बाण आरपार जातो. याहून जड बाण कशासाठी?

काष्ठबाण

दोघेही कंपाउंडपुरते बोलत आहात. रिकर्व्ह आणि लाँगबो (बिनचाकांची धनुष्ये) बोटांनी सोडतात, तिथे दोरी बोटांवरून घसरताना आडवी सरकते आणि बाणाला मुठीला वळसा घालून जावे लागते. तिथे स्पाइन चुकला तर रेस्ट (बाण टेकवायचा आधार) सरकवून सुटका नाही. मूठ मध्यापर्यंत कापलेली नसेल, तर त्याच ड्रॉ वेटला आणखी मऊ शाफ्ट लागतो.

लाकडी शाफ्टचे मापही वेगळे. टेकू 26 इंचांवर, वजन 2 पौंड, आणि 26 ला वाकण्याच्या इंचांनी भागायचे. 0.520 इंच वाकला तर 50 पौंडांचा. कार्बनच्या 500 शी याची थेट तुलना करू नका.

पद्धत अशी. पुढचे वजन पक्के करा. शाफ्ट पूर्ण लांबीचा ठेवा. दोन बाण पिसे लावलेले, दोन बिनपिसांचे, आधी 10 आणि मग 20 यार्डांवरून. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण उजवीकडे लागला तर शाफ्ट मऊ, डावीकडे लागला तर ताठ. मऊ असेल तर पुढून पाव इंच कापा आणि पुन्हा सोडा. दोन्ही गट जवळ आले की पाव इंचाचेही अर्धे करा. बिनपिसांचा बाण किंचित उजवीकडे असतानाच थांबायचे, कारण पिसांचे वजन मागे आले की बाण थोडा ताठ वागतो. ताठ निघाला तर कापाकापी बंद, टोक 25 ग्रेनने वाढवा.

वजनाबद्दल मी धागाकर्त्यांच्या बाजूचा. 45 पौंडांच्या रिकर्व्हला वेग मुळातच मिळत नाही, त्यामुळे गमावण्यासारखे फारसे नसते.

प्रत्यंचा

मध्यरेषा, ऊर्जा सारखी आहे म्हणून बाण सारखे होत नाहीत. बाण कापत आणि ढकलत जातो, तिथे संवेग किती टिकतो ते महत्त्वाचे. बाण किती खोल घुसतो याचे अभ्यासक एड अ‍ॅशबी यांनी मोठ्या, जाड हाडांच्या जनावरांवर केलेल्या चाचण्यांत जड हाड भेदण्यासाठी 650 ग्रेनचा उंबरठा मांडला. 19 टक्क्यांच्या वरच्या एफओसीचा फायदाही तिथेच ठळकपणे मांडला गेला. आणि जड बाण धनुष्याची ऊर्जा जास्त घेतो, आवाज कमी होतो. आवाजाला दचकून जनावर खाली वाकते, त्याचाही हिशेब करा.

मध्यरेषा

करतो. 30 यार्डांना 275 चा बाण 0.33 सेकंद घेतो, 223 चा 0.40. आवाज दोन्हींच्या आधीच, 0.08 सेकंदात पोहोचतो. म्हणजे जड बाण जनावराला वाकायला 0.07 सेकंद जास्त देतो. आवाज कमी झाला हे खरे, पण नाहीसा झाला नाही. अ‍ॅशबींच्याच यादीत पहिला क्रमांक बाण न मोडण्याचा, दुसरा सरळ उड्डाणाचा, एफओसी तिसरा. तिसऱ्यासाठी दुसऱ्याचा बळी देणारे बाण सर्रास दिसतात.

सरळरेघ

शेवटचे वाक्य अधोरेखित करावे असे. टक्केवारीवर वाद घालण्याआधी बाण सरळ जातो का ते तपासा. कंपाउंड आणि रिलीज (दोरी सोडायचे यांत्रिक साधन) असेल तर क्रम:

पहिल्यांदा प्रत्येक बाण वाकवून करकर ऐका, तडा असेल तर फेकून द्या. फार मऊ शाफ्टवर जड टोक लावून जोरकस कंपाउंडवर चढवू नका, कार्बन सुटतानाच फुटला तर चिरफाळ्या हातात घुसतात. उलट बाजूला, ड्रॉ वेटच्या प्रत्येक पौंडाला 5 ग्रेनपेक्षा हलका बाणही नको, तो धनुष्याला रिकामी दोरी सोडल्यासारखा हादरवतो.

मग कागद. दोनेक मीटरवरून ताणलेल्या कागदातून बिनपिसांचा बाण सोडा आणि कागद कसा फाटतो ते बघा. उजव्या हाताच्या तिरंदाजाला शेपटीचा फाटा डावीकडे दिसला तर शाफ्ट मऊ, किंवा शाफ्ट रेस्टला घासतो, किंवा रेस्टची जागा चुकली. इथे बहुतेक जण लगेच शाफ्ट बदलतात. आधी रेस्ट जराजरा सरकवून पाहा आणि ड्रॉ वेट 2 पौंडांनी उतरवा. ड्रॉ वेट उतरवल्यावर फाटा लहान झाला तर दोष स्पाइनचा, नाही झाला तर रेस्ट किंवा कॅमचा (धनुष्याच्या चाकाचा). फाटा वर किंवा खाली असेल तर आधी नॉकिंग पॉइंट (दोरीवरची बाण लावायची जागा) बघा. एकच बाण वेगळा फाडत असेल तर त्याचा नॉक थोडा थोडा फिरवत जा, शाफ्टची ताठ बाजू सगळ्या बाणांत एकीकडे यायला हवी.

शेवटी ब्रॉडहेड, 30 यार्डांवर, सरावाच्या टोकांबरोबर. ब्रॉडहेडचा गट डावीकडे लागला तर रेस्ट उजवीकडे, एका वेळी 1/32 इंचापेक्षा जास्त नाही. असे थोडे थोडे सरकवूनही गट जुळत नसतील तर मात्र स्पाइनवर संशय घ्या.

जड पितळी इन्सर्टबद्दल एक. बाजूचा धक्का बसला की शाफ्ट इन्सर्टच्या मागच्या कडेशी मोडतो, त्यामुळे बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची कॉलर चिकटवा. चिकटवण्याआधी शाफ्टची कड चौरस घासा आणि आतून अल्कोहोलने पुसा. नाहीतर टोक डुगडुगते, आणि तो दोष लोक स्पाइनवर ढकलतात.

काष्ठबाण

प्रत्येक 25 ग्रेनला तक्त्यात किती सरकायचे हेही लिहून ठेवा.

सरळरेघ

कंपन्यांचे तक्ते वेगवेगळे आहेत. 100 च्या वरच्या प्रत्येक 25 ग्रेनला ड्रॉ वेट 3 ते 5 पौंड जास्त धरून वाचा. इन्सर्टचे वजन शाफ्टच्या आत असल्याने त्याचा परिणाम टोकापेक्षा थोडा कमी. दोन स्पाइनच्या मध्ये अडकलात तर कंपाउंडला ताठ घ्या. मऊ शाफ्ट कापून ताठ करता येतो, पण रेस्टच्या मागे जाईल इतका कापता येत नाही. ताठाला टोक वाढवून बरेचदा जुळवता येते.

प्रत्यंचा

कॉलर आणि 2 पौंडांची चाचणी दोन्ही मान्य. सरळ उडणारा 468 ग्रेनचा बाण वाकड्या 602 पेक्षा चांगला, हेही मान्य. पण दोन्ही सरळ उडत असतील आणि जनावर रानडुकरासारखे जाड खांद्याचे असेल, तर मी 275 पुढे ठेवणार आणि 25 यार्डांच्या पलीकडे बाण सोडणार नाही.

मध्यरेषा

25 यार्डांची मर्यादा पाळलीत तर तुमच्या बाणाला माझा विरोध उरत नाही. ती मर्यादा मात्र पहिल्याच प्रतिसादात, 250 ग्रेनच्या शेजारी लिहायला हवी होती.