तीन कागद, तीन नावं: मानसिक आजाराचं निदान म्हणजे अंदाजपंचे?

महालकर (धागाकर्ता)

काल रात्री भाच्याची फाइल घेऊन बसलो होतो. पोरगा 24 वर्षांचा. चार वर्षांत तीन डॉक्टर झाले आणि नावंही तीन झाली. पहिल्या कागदावर डिप्रेशन. दुसऱ्यावर डिप्रेशनच्या जोडीला ॲंग्झायटी. तिसऱ्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात लिहिलं, बायपोलर. गोळ्या बदलल्या आणि बहिणीला नातेवाइकांसमोर नवीन शब्द पाठ करावा लागला.

मला शुगर आहे. एचबीएवनसी, म्हणजे साखरेची रक्ततपासणी, नागपूरच्या महालात काढा की मुंबईत, आकडा जवळपास तोच येतो. मनाच्या आजाराला असं काय आहे? समोर बसवायचं, चार प्रश्न विचारायचे आणि सुचेल ते नाव लिहायचं. याला आमच्याकडे अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात. नाव एवढं कच्चं असेल तर लिहायचंच कशाला? झोप येत नाही ना, झोपेचं बघा. घाबरतो ना, त्याचं बघा. इथे मनोरुग्णालयाजवळचा चौक अजून लोकांच्या तोंडी ‘पागलखाना चौक’ आहे. अशा गावात हे नाव सोयरिकीच्या वेळी आडवं येतं, ते वेगळंच.

डॉक्टर मंडळींनीही लिहावं. फक्त पेशंटला समजावतात त्या सुरात नको.

पहाटवारा

मनोविकारशास्त्रात एमडी करतोय, तिसरं वर्ष. समजावत नाही, भांडतो.

आधी तुमची एचबीएवनसी. विदर्भात सिकलसेल किती आहे ते तुम्हाला माहीत असेल. त्या रुग्णात हा आकडाही फसवतो. म्हणजे रक्ताचा आकडा असला तरी समोरचा माणूस कोण हे विचारावंच लागतं.

आता तीन नावं. तीन नावं म्हणजे तीन चुका असं नसतं. साधं डिप्रेशन आणि बायपोलरमधलं डिप्रेशन त्या दिवशी खुर्चीत बसलेलं सारखंच दिसतं. उदास, थकलेला, कशात मन नाही, स्वतःला दोष देणारा. नऊ लक्षणांपैकी निदान पाच, दोन आठवडे, जवळपास रोज, आणि त्यात उदासी किंवा रस संपणं हे हवंच, असा डिप्रेशनचा नियम आहे. बायपोलर म्हणायला मात्र दुसराच काळ लागतो. निदान आठवडाभराचा उन्माद, म्हणजे झोप नको, बोलणं आणि खर्च जास्त, अंगात नुसता जोर, किंवा चार दिवसांचा त्याचा सौम्य प्रकार. तो काळ कोणी पाहिला नाही किंवा सांगितला नाही, तर प्रामाणिक डॉक्टर डिप्रेशनच लिहील. मे महिन्यात नाग नदी पाहणारा तिला नालाच म्हणणार. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि तिला पूर आला, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा ती काय आहे.

‘झोपेचं बघा’ म्हणता. डिप्रेशनचा माणूस तीन तास झोपतो आणि सकाळी त्याच्याने उठवत नाही. उन्मादातला तीन तास झोपतो आणि पहाटे चारला गाडी धुवायला घेतो. तक्रार एकच आहे, पण पहिल्याच्या गोळ्या दुसऱ्याला दिल्या तर आगीत तेल. बायपोलरच्या रुग्णाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली की काही जण थेट उन्मादात जातात. नाव यासाठी लागतं.

बर्डीवाला

छान. पण नदी बघायला वेळ किती देता? रामदासपेठेत माझा नंबर 43 होता. आत गेलो तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते आणि पाच मिनिटांत बाहेर. त्यातलं एक मिनिट चिठ्ठी छापण्यात गेलं. पाच मिनिटांत त्यांना मे महिनाही दिसला नसेल.

आणि निदान पक्कं नसतं हे तुमचीच मंडळी सांगतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची नियमावली डीएसएम-5 2013 मध्ये आली. त्याआधी त्यांनी चाचणी घेतली. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासायचं आणि किती जुळतं ते पाहायचं. पूर्ण जुळलं तर 1, योगायोगाने जुळेल तेवढंच जुळलं तर 0. डिप्रेशनला 0.28 आले. सततच्या काळजीच्या आजाराला 0.20. 1973 मध्ये छापलेल्या प्रयोगात रोझेनहान या मानसशास्त्रज्ञाने तर आठ धडधाकट माणसं 12 रुग्णालयांत पाठवली. तक्रार एकच, आवाज येतात. सगळे दाखल झाले आणि बहुतेकांच्या कागदावर स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमाचा आजार. महालकर, तुमचं दाहोदरसे बरोबरच आहे.

पहाटवारा

सर्वांत खालचे दोन आकडे बरोबर निवडलेत. त्याच चाचणीत आघातानंतरच्या ताणाच्या आजाराला, म्हणजे पीटीएसडीला, 0.67 आहेत. बायपोलर-1 ला, म्हणजे पूर्ण उन्मादाच्या प्रकाराला, 0.56, स्किझोफ्रेनियाला 0.46. डिप्रेशन आणि काळजी घसरतात, कारण ती एकमेकांत मिसळलेली असतात आणि साध्या दुःखापासून त्यांची सीमाही पुसट असते. भाच्याच्या दुसऱ्या कागदावर दोन्ही एकत्र आहेत, त्यात नवल काही नाही.

रोझेनहानचं म्हणाल तर 2019 मध्ये एका पत्रकार बाईंनी त्याची जुनी कागदपत्रं उकरली, तेव्हा तो प्रयोग सांगितला तसा झालाच होता का यावर मोठी शंका आली.

पाच मिनिटांचं मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पोस्टातली काकू

मी डॉक्टर नाही, पोस्टातून रिटायर झाली. पण दोघंही एक गोष्ट विसरून राहिले. शरीर आधी बघा न.

आमच्या सासूबाई 78 च्या. मे महिन्यात एका रात्रीतून बदलल्या. वारलेले मामंजी झोपाळ्यावर बसलेत म्हणायच्या, ह्यांना दिराच्या नावाने हाक मारायच्या. सकाळी बऱ्या, दिवे लागले की पुन्हा सुरू. शेजारीण म्हणे म्हातारचळ. एकाने तर फोनवरच डिमेन्शिया सांगून टाकला. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने ॲडमिट केलं. रक्तात सोडियम उतरलेलं आणि लघवीत इन्फेक्शन. आठ दिवसांनी घरी आल्या आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून मलाच बोलल्या. बाप्पा, इतकं बरं वाटलं!

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी डायरीत लिहून ठेवलं आहे. वर्षावर्षांनी हळूहळू येते ते विसरणं वेगळं. रात्रीतून येते, दिवसात कमीजास्त होते, लक्ष टिकत नाही, ते डिलिरियम. मनाच्या आधी शरीरात कारण शोधायचं आणि ते तातडीने.

महालकर भाऊ, पोराचं थायरॉइड केलं का? बी-12? थायरॉइड कमी पडलं तर माणूस उदास दिसते, जास्त झालं तर घाबरलेलं दिसते.

महालकर

केलं काकू. दोन्ही नॉर्मल.

पोस्टातली काकू

मग झालं तर. तपासणी नाही म्हणता, तपासणी तर झाली. काय नाही ते समजलं न.

रात्रपाळी

मी फार लिहीत नाही, पण ‘नाव कशाला’ हे वाचून राहवलं नाही.

मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येतात आणि ते घालवायला तीच कृती करत राहावी लागते. नऊ वर्षं नाव नव्हतं. टेकडीच्या गणपतीसमोर हात जोडले की डोक्यात मूर्तीबद्दल अशी घाण वाक्यं यायची की इथे लिहूही शकत नाही. मग ती पुसायला मनात 21 वेळा स्तोत्र. मध्ये चुकलं की पहिल्यापासून. बँकेच्या रांगेत, ट्रॅफिकमध्ये, आईशी बोलता बोलता. दिवसाचे तीनचार तास यातच जायचे. घरचे म्हणायचे वहमी आहे. मला वाटायचं मी पापी आहे. एकाने तर देवऋषाकडेही नेलं.

एका डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि स्किझोफ्रेनियाची शंका लिहिली, कारण मी ‘डोक्यात वाक्यं येतात’ असं म्हटलं होतं. पुढच्यांनी एकच प्रश्न जास्तीचा विचारला. ती वाक्यं कोणी बाहेरचा बोलतो, की तुझ्याच मनात येतात आणि तुला नको असतात? मी म्हटलं, माझ्याच मनात, आणि मला लाज वाटते. तिथे नाव बदललं. औषध बदललं, सोबत थेरपीही लागली. त्यात स्तोत्र न म्हणता तसंच बसून राहायला शिकवतात. पहिले पंधरा दिवस नरक होता.

त्या नावाने मला पापातून सोडवलं. सोयरिकीला आडवं येतं, खरं आहे. माझ्या आलंच. पण नाव नसतं तर मी टेकडीवर जाणंच सोडलं असतं.

बर्डीवाला

मनापासून बरं वाटलं वाचून. पण बघा, तुमचं निदानही आधी चुकलंच ना?

रात्रपाळी

चुकलं. आणि दुरुस्त झालं ते नावं ठेवूनच झालं, सोडून नाही.

वर्गाबाहेर

एका कॉलेजात समुपदेशक आहे. नाव सांगायचंच असेल तर कोणी सांगायचं, हाही वाद घाला एकदा. माझ्याकडे पोरं निदान घेऊनच येतात. रीलमध्ये पाच खुणा पाहिल्या, चार जुळल्या, सर मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार आहे. मी विचारतो, बारा वर्षांच्या आधी काही होतं का? शाळेत, घरी, दोन्हीकडे? उत्तर येतं, नाही, लॉकडाउननंतर मोबाइल हातात आल्यापासून. दुसरी तऱ्हा म्हणजे डिप्रेशनसाठी नऊ प्रश्नांचा तो पीएचक्यू-9 फॉर्म. बेरीज 14 आली की रडत येतात. 27 पैकी 10 किंवा जास्त आले तर नीट तपासून घ्या, एवढंच तो फॉर्म सांगतो. निकाल नाही तो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझेही 11 यायचे.

उलटही सांगतो. त्यातल्याच एकाला खरंच मदत लागली, आणि तो फॉर्म नसता तर तो आलाच नसता. मग मी फॉर्मला शिव्या द्यायच्या कशा?

दुसरं वर्ष

बाबा गेले त्याला आता 14 महिने झाले. पाचव्या आठवड्यात झोपेसाठी डॉक्टरांकडे गेले आणि चिठ्ठीवर डिप्रेशन आलं. मी भांडले होते. वडील गेल्यावर महिनाभर रडणं आजार असेल तर आमच्यात वर्षश्राद्धापर्यंत घरात लग्नकार्य का करत नाहीत?

नंतर वाचलं की अमेरिकेच्या आधीच्या नियमावलीत जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा डिप्रेशन म्हणत नसत. 2013 मध्ये ती सूट काढली. पुढे ‘लांबलेला शोक’ हे वेगळंच निदान आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत त्याला सहा महिने, अमेरिकन पुस्तकात मोठ्यांसाठी बारा. म्हणजे सहा महिने की बारा, यावर जगातली दोन सर्वांत मोठी पुस्तकं एकमत नाहीत. आमच्या आजीच्या हिशेबाशी त्यातलं एकच जुळतं.

पहाटवारा

सूट काढण्याचं कारणही लिहा ना ताई. शोकातही काही जणांना खरं डिप्रेशन येतं आणि सूट असली की ते उपचाराविना राहतात. शोकाच्या लाटा येतात. आठवण आली की भरून येतं, नातू समोर आला की हसूही येतं. डिप्रेशनमध्ये नातू आला तरी काही हलत नाही, आणि ‘मी कुचकामी आहे’ हे वर. पाचव्या आठवड्यात तुम्हाला हे कोणी विचारलं होतं का?

दुसरं वर्ष

नाही.

बर्डीवाला

पुन्हा पाच मिनिटं.

महालकर (धागाकर्ता)

दोन दिवस लिहिलं नाही, कारण रात्री फाइल पुन्हा उघडली. पहिल्या कागदावर बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘उन्मादाचा पूर्वेतिहास नाही, माहिती देणारा मामा.’

मामा म्हणजे मी. त्या दिवशी बहिणीला बरं नव्हतं, मी गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं होतं. कधी खूप आनंदात, झोप न घेता, खर्च करत, जास्त बोलत होता का? मी म्हटलं, नाही, उलट मागच्या दिवाळीत तर एकदम छान होता.

छान म्हणजे काय ते आता लिहितो. धनत्रयोदशीपासून पाचसहा दिवस तो झोपलाच नाही म्हटलं तरी चालेल. रात्रभर आकाशकंदील करायचा, सकाळी टवटवीत. बर्डीच्या बाजारातून एकाच दिवशी बुटांचे चार जोड आणले. स्टार्टअप काढतो म्हणून पहाटे तीनला मला फोन. आम्ही सगळे खूश, कारण त्याआधी सहा महिने तो खोलीतून बाहेर पडत नव्हता. पोरगं सावरलं म्हणून बहिणीने सत्यनारायण घातला.

आजार उदासीत असतो एवढंच माझ्या डोक्यात होतं. हसणारा माणूस आजारी असेल हे सुचलंच नाही. डॉक्टरांना मी पूर आलाच नाही असं सांगून आलो.

वेळेबद्दलचं बर्डीवाल्यांचं म्हणणं मी सोडत नाही. त्यांनी ‘छान म्हणजे कसा’ एवढं पुढे विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण पहिल्या पोस्टमधलं ‘सुचेल ते नाव लिहायचं’ हे मी मागे घेतो.

पोस्टातली काकू

भाऊ, कोणालाही असंच वाटलं असतं. मीही प्रसादाला आली असती.

गोळीवाला

औषधाचं दुकान आहे. निदानाच्या वादात पडत नाही, पण भाच्याला लिथियम, म्हणजे बायपोलरचं औषध, सुरू केलं असेल तर ऐका. रक्तातली पातळी वेळोवेळी तपासायची. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, तसंच किडनी आणि थायरॉइडही. महालकर, इथे तरी तुम्हाला हवा तसा आकडा आहे. आणि आपला मे महिना! पारा 45 ला गेला, घाम गेला, पाणी कमी पडलं की ती पातळी चढते. मीठ एकदम बंद करू नका. डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका, त्यानेही चढते. हात जोरात थरथरणं, उलटी, जुलाब, तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. आपल्या मनाने गोळी बंदही नाही. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलतात.

पहाटवारा

हे फार कामाचं. महालकर, पुढच्या भेटीला एक तक्ता घेऊन जा. वर्ष, महिना, झोप किती, खर्च किती, उदास कधी, ‘छान’ कधी. आठवणीने नको, तारखा हव्यात.

महालकर

तारखा कुठून आणू? चार वर्षांपूर्वीचं.

पोस्टातली काकू

बुटांची बिलं असतील की खोक्यात.

महालकर

आत्ता बहिणीला फोन केला. तीन जोड कोरेच आहेत, माळ्यावर खोक्यात. बिलं आहेत. चारही जोड एकाच तारखेचे आणि पहिलं बिल सकाळी दहा वाजून चार मिनिटांचं. दुकान तेव्हा नुकतंच उघडलं असेल.