४६ ग्लो इंजिन अर्ध्या टाकीनंतर हवेत बंद पडतं, कार्बोरेटर बदलू का?

बालसाप्रेमी

मंडळी, ७.५ सीसीचं म्हणजे ४६ साइजचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन आहे, ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ रेडिओ-कंट्रोल विमानावर, बसवलेलं. प्रॉप ११ बाय ६, टाकी ३०० मिली. इंधनात १० टक्के नायट्रो आणि १८ टक्के तेल, एरंडेल व सिंथेटिक मिसळून. विमान पावसाळाभर टांगलेलं होतं आणि टाकीत थोडं इंधन तसंच राहिलं होतं.

लक्षणं अशी: जमिनीवर पटकन सुरू होतं, फुल थ्रॉटलला टॅकोमीटर १२,४०० आरपीएम दाखवतो. हवेत पहिली चार-पाच मिनिटं झकास. अर्धी टाकी संपली की नाक वर करून चढताना आवाज आधी चिरका होतो, मग इंजिन दमतं आणि बंद. आयडलवरून झटक्यात रेस दिली तरी धूर न काढताच बंद पडतं. हाय नीडल (फुल थ्रॉटलचं इंधन ठरवणारा स्क्रू) अर्धा फेरा उघडून पाहिली. जमिनीवर धुराचे लोट, हवेत मात्र तेच. ग्लो प्लग (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा) नवा आहे. नवीन कार्बोरेटर घ्यावा लागेल का?

तिसरी_नळी

कार्बोरेटर घेऊ नका, निदान आज तरी. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: "अर्ध्या टाकीनंतर". जेटमध्ये (कार्बमधल्या इंधनाच्या भोकात) कचरा असता तर भरल्या टाकीलाही इंजिनने तोच त्रास दिला असता. टाकी रिकामी होताना काय बदलतं ते बघा.

विमानाचं नाक वर असताना टाकी कार्बच्या खाली जाते आणि उरलेलं इंधन टाकीच्या मागच्या भिंतीशी गोळा होतं. म्हणजे कार्बला ते वीत-दीड वीत वर ओढून घ्यावं लागतं. हे ओझं हलकं करतो मफलरमधून टाकीत जाणारा दाब. तो कमी पडला किंवा वाटेत नळीने हवा खाल्ली, की मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त. चिरका आवाज म्हणजे तेच.

आधी एक पाहणी. टाकी ते कार्ब ही नळी पारदर्शक ठेवा, फुल थ्रॉटल द्या आणि प्रॉपच्या मागे उभं राहून नळीकडे बघा. बुडबुडे धावताना दिसले तर दोष टाकीकडे. दिसले नाहीत तर कार्ब किंवा इंजिनाकडे. ही पाहणी अर्ध्या टाकीवर करा, भरलेल्या टाकीवर काहीच दिसणार नाही.

बुडबुडे असतील तर टाकी बाहेर काढा. आतली क्लंकची (टोकाला इंधनात बुडून राहणाऱ्या वजनाची) नळी बोटांनी वाकवून बघा, खास करून जिथे ती पितळी नळीवर आणि क्लंकवर चढते तिथे. वर्षभरात सिलिकॉन तिथेच कडक होऊन चिरतं. भरल्या टाकीत ती चीर इंधनात बुडालेली असते म्हणून कळत नाही. पातळी खाली आली की उघडी पडते आणि इंजिन तिथून हवा ओढतं. क्लंक मागच्या भिंतीपासून ३ ते ५ मिमी सुटा हवा आणि टाकी उलटीपालटी केली की खुळखुळायला हवा. नाकावर आदळलेलं लँडिंग झालं असेल तर क्लंक पुढे दुमडून तिथेच अडकलेला असतो, बाहेरून काहीही दिसत नाही.

बुचाची गळती तपासायला एक नळी सोडून बाकीच्या बंद करा, टाकी बादलीत बुडवा आणि उरलेल्या नळीतून फुंका. तीन नळ्यांची टाकी असेल तर भरायच्या नळीचं बूच सैल नाही ना, तेही बघा. मफलरचा निपल (दाबाची नळी बसते ते तोंड) काजळीने अर्धा बुजलेला असतो. बारीक ड्रिल बिट हाताने फिरवून साफ करा. टाकी फोममध्ये गुंडाळलेली नसेल तर थरथरीने इंधनाचा फेस होतो, आणि तो फेसही नळीत बुडबुड्यांसारखाच दिसतो. टाकीची मधली रेषा कार्बच्या स्प्रे बारच्या (आत इंधन सोडणाऱ्या नळीच्या) बरोबरीने किंवा जास्तीत जास्त १ सेंमी खाली असावी.

एरंडेल

वरच्याशी सहमत. बुडबुडे नसतील तर पुढचं हे.

पहिला संशयित कार्बच्या मानेखालची ओ-रिंग. आयडलला इंजिन चालू ठेवून मानेभोवती घट्ट तेलाचे दोन थेंब सोडा. आवाज क्षणभर बदलला तर तिथून हवा आत जाते. ओ-रिंग बदला, आणि कार्ब बोटाने खाली दाबून धरूनच स्क्रू आवळा. नाहीतर नवी रिंगही गळेल. नीडलची ओ-रिंग झिजली असेल तर नीडलच्या बुडाशी ५ मिमी सिलिकॉन नळीचा तुकडा चढवा, तात्पुरतं चालतं. मागच्या प्लेटचं गॅस्केट शेवटी.

टाकीत इंधन पावसाळाभर राहिलं म्हणता, म्हणजे मिथेनॉल उडून गेलं आणि एरंडेलाचा गोंद कार्बमध्ये उरला. उघडण्याआधी हाय नीडल हळूच बंद करत फेरे मोजा आणि कागदावर लिहा. लो नीडलचंही (आयडलचं इंधन ठरवणारी) तसंच. मग सगळ्या ओ-रिंगा काढून धातूचे भाग रात्रभर मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवा. मोटारसायकलच्या दुकानातला कार्ब क्लीनर वापरायचा असेल तर ओ-रिंगा आधी बाहेर, त्याने त्या फुगतात. जेटमध्ये तार कधीही घालू नका. भोक एवढंसं रुंदावलं की ती नीडल पुन्हा कधी नीट लागत नाही. उलट दिशेने हवा फुंका, तेवढं पुरे.

ते जुनं इंधन मात्र टाकून द्या. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याने बेअरिंगलाही गंज चढतो.

पाव_फेरा

हाय नीडल अर्धा फेरा उघडणं हा उपाय नव्हे, दोष झाकणं आहे. आणि १२,४०० हा तुमचा अगदी वरचा आकडा असेल तर तुम्ही जमिनीवरच काठावर आहात. हवेत प्रॉपवरचा भार कमी होतो, आरपीएम वाढतो आणि मिश्रण आणखी लीन होतं.

क्रम हा: आधी हाय, मग लो, मग पुन्हा हाय. लो नीडलला इंधन हाय नीडलमधूनच येतं, म्हणून उलटं केलंत तर दोन्ही बिघडतात.

फुल थ्रॉटलला हाय नीडल बंद करत आरपीएम सर्वात वर न्या, मग ३०० ते ४०० खाली येईपर्यंत उघडा. दुसऱ्याला मागून विमान घट्ट धरायला सांगून नाक सरळ आकाशाकडे करा, १० सेकंद. आरपीएम किंचित वाढला किंवा तसाच राहिला तर ठीक. घसरला तर दोन क्लिक (नीडलच्या खाचा) उघडा. तरीही घसरला तर नीडल सोडा, टाकीकडे जा.

लो नीडलसाठी चिमटा चाचणी. प्लग गरम झाला की ड्रायव्हर (प्लग तापवणारी बॅटरी) काढा, २,५०० ते २,८०० च्या आयडलला अर्धा मिनिट चालू द्या आणि कार्बजवळ नळी चिमटीत धरा. आरपीएम थोडा वाढून ३ ते ४ सेकंदांनी बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन. बराच वेळ वाढत राहिलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. बदल एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. प्रत्येक बदलानंतर एकदा रेस देऊन आतलं जमलेलं इंधन मोकळं करा.

झटक्यात रेस दिल्यावर धूर न काढता बंद पडणं हे लीन आयडलचं लक्षण. रिच असतं तर आधी गुरगुरलं असतं आणि मफलरमधून ओला धूर टाकला असता. एक खबरदारी: तुमच्या कार्बला पुढून हवेचं बारीक भोक आणि त्यात स्क्रू असेल तर तो एअर ब्लीड प्रकार. तिथे सगळं उलटं, स्क्रू आवळला की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होतं. लोक इथेच तासभर घालवतात.

समुद्रसपाटी

एक पुरवणी. पुण्यात, साधारण ५६० मीटरवर, लावलेली नीडल अलिबागला जशीच्या तशी चालणार नाही. खाली हवा दाट म्हणून मिश्रण लीन होतं, दोन क्लिक उघडा. जानेवारीच्या सकाळीही तसंच. दुपारी ऊन तापलं की परत एक-दोन क्लिक बंद. आणि प्लग नवा असला तरी एकदा काढून बघा. तार पांढुरकी, खरखरीत झाली असेल तर लीन चालवून गेलीच ती.

बालसाप्रेमी

अर्ध्या टाकीवर बुडबुडे दिसले. टाकी उघडली तर क्लंकच्या तोंडाशी अर्धा सेंटिमीटर चीर, बोटाने वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. नळी बदलली, निपलमधली काजळी काढली, जुनं इंधन ओतून दिलं. हाय नीडल होती तिथे आणून मग वरून ३५० आरपीएम खाली लावली. नाक वर केल्यावर आता आवाज हलत नाही. चिमटा चाचणीत मात्र एका सेकंदात बंद पडतंय. लो नीडल उघडू की ओ-रिंग आधी?

एरंडेल

ओ-रिंग आधी. तेलाचे थेंब टाकायला एक मिनिट लागतं. मानेतून हवा खात असेल आणि तुम्ही लो नीडल उघडून ती भरून काढलीत, तर आयडल चांगलं वाटेल आणि मधल्या थ्रॉटलला इंजिन गडबडेल. थेंबांनी आवाज बदलला नाही तरच लो नीडल आठवा भाग उघडा.

बालसाप्रेमी

थेंबांनी काही फरक नाही. आठवा भाग दोनदा उघडली, आता साडेतीन सेकंद टिकतं. रेस झटक्यात दिली तरी घेतो.

पाव_फेरा

मग हाय नीडल एकदा परत तपासा, एखादा क्लिक हललेला असेल. आज उडवून झालं की टाकी पूर्ण रिकामी करा, नळी काढून आयडलला उरलेलं इंधन जळू द्या, आणि थ्रॉटल उघडा ठेवून कार्बमध्ये आफ्टर-रन तेलाचे (उडवून झाल्यावर गंज टाळायला घालायचं तेल) पाच-सहा थेंब टाकून प्रॉप हाताने दहा-बारा वेळा फिरवा. प्लगचा ड्रायव्हर आधी काढलेला असू द्या.