मदत हवी आहे: गिरणेतले शिंपले संपत चाललेत, तिसऱ्या (खाडीतले छोटे शिंपले) काढणाऱ्या कोकणकरांना विचारतोय

गाव गिरणाकाठी, जळगाव जिल्हा. समुद्र आम्ही फक्त सहलीत पाहिलेला, तेव्हा खाडीवाल्यांनी हसू नका.

लहानपणी डोहाच्या कडेला अंगठ्याने वाळू चाचपली की तळहाताएवढा शिंपला लागायचा. भिल्ल वस्तीतल्या बाया उन्हाळ्यात टोपलीभर काढून उकडायच्या. टरफलं आम्हा पोरांच्या वाट्याला. दगडावर पाठ घासून भोक पाडायचं आणि त्याने कैरी सोलायची. आईला अजूनही कैरीसाठी शिंपलाच लागतो. यंदा तिच्यासाठी शोधायला गेलो, तर तासाभरात सतरा रिकामे आणि दोन जिवंत.

कारण उघड आहे. पाणी आटलं की शिंपला ओलीकडे वाळूत खाली रुतून बसतो आणि नेमका तेव्हाच जेसीबी उतरतो. बांधकामावर वाळू चाळताना चाळणीत उरलेले शिंपले मी स्वतः पाहिलेत. पाच हेक्टरच्या आतल्या खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच सांगितलंय. रात्रीच्या ट्रॅक्टरला ती विचारणार कोण? असो, अर्ज चालू आहेत.

माझा प्रश्न वेगळा आहे. वाळू शाबूत असलेले दोन डोह उरलेत. तिथे शिंपले परत वाढवायचे तर कोणते महिने बंदी पाळू, केवढा शिंपला सोडून देऊ?

खाडीकाठ:
दादा, बारक्या तिसऱ्या परत टाकायची रीत आमच्या म्हाताऱ्यांत होती, आता बाजार तेवढी उसंत देत नाही. नियम बघायचे तर केरळातलं अष्टमुडी सरोवर बघा, तिथेही तिसऱ्या काढतात. डिसेंबर ते फेब्रुवारी विणीचा हंगाम म्हणून काढणी बंद, जाळीचं भोक ३० मिलिमीटर, म्हणजे बारके निसटतात. २०१४ मध्ये त्यांना एमएससीचा, म्हणजे साठा राखून केलेल्या मासेमारीचा आंतरराष्ट्रीय शिक्का मिळाला, भारतात पहिलाच.

पण ते महिने जसेच्या तसे उचलू नका. तिसरीचं पिल्लू पाण्यात तरंगत वाढतं. नदीतल्या शिंपल्याचं पिल्लू माशाच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिकटून काही दिवस काढतं, मग तळाला पडतं. मासेच नसतील तर शिंपले कुठून येणार? डोहात कुणी करंट सोडून मासे मारत असेल तर आधी ते थांबवा. आणि शिंपले दाटीने ठेवा. नराचं बीज पाण्यातून मादीपर्यंत पोचायला हवं, लांब लांब एकेक असून उपयोग नाही.

गिरणाकाठ (धागाकर्ता):
आभार ताई, माशांचं डोक्यातच नव्हतं. महादेवाच्या डोहात आमच्याकडे कुणी जाळं टाकत नाही, तिथेच एका कोपऱ्यात सोडतो. दोन वर्षं काढायचे नाहीत, असं काल वस्तीवर बोलून आलो. एका आजीने विचारलं, "मंग उन्हायामा आम्ही खावानं काय?" याचं काही सुचत असेल तर तेही लिहा.