कबाडीच्या पोत्यातला अंडरटेकर
कुणी विचारलंय, खेड्यात कुस्तीची जुनी ट्रम्प कार्डं, म्हणजे पैलवानांचे फोटो नि आकडे असलेली पोरांच्या खेळातली, मिळतात कुठं? आमच्या यवतमाळकडं आठवडी बाजाराच्या टोकाला, विळे-कुऱ्हाडीवाल्यांच्या पलीकडं कबाडी ताडपत्री टाकून बसतो. परवा त्याच्या रद्दीच्या पोत्यात हात घातला, तर कुस्तीच्या ट्रम्प कार्डांचा गठ्ठा! रबर वितळून चिकटलेला, कोपरे उंदरानं कुरतडलेले, पण अंडरटेकर या अमेरिकन पैलवानाचं कार्ड शाबूत. मागं निळ्या शाईत ‘सहावी ब’. ‘द्या जी दहा रुपये,’ म्हणाला. मी घासाघीसच केली नाही.

हो, शिक्का पाहत जा. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ (ही कुस्ती भरवणारी अमेरिकन कंपनी) असेल तर माल बहुतेक २००२ च्या आधीचा. त्या वर्षी कंपनीचं नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ झालं. नकली छपाईचे गठ्ठेही सापडतात. मला तेही चालतात, शाळेत कार्डावरचे छाती-बायसेप्सचे आकडे ओरडून मी जिंकलेली सगळी तसलीच होती.