हॅम्बुर्ग: तुम्ही काय पाहिलंत, काय केलंत? अनुभव लिहा

हॅम्बुर्गला राहायला आल्यापासून पुण्या-मुंबईहून एकच प्रश्न येतो: "दोन दिवस आहेत, काय बघू?" स्थळांच्या याद्या पुष्कळ मिळतात. मला तुमचे अनुभव हवे आहेत. कुठे पाय रेंगाळले, कुठे फसलात, काय खाल्लंत ते लिहा. सुरुवात मी करते.

पाहुणे आले की मी त्यांना आधी ६२ नंबरच्या फेरीबोटीत बसवते. लांडुंग्सब्र्युकनच्या धक्क्यावरून ती फिंकनवेर्डरला जाते आणि बस-मेट्रोचं दिवसाचं तिकीट तिच्यावर चालतं. गेल्या वर्षी आई-बाबा आले होते. समोरून कंटेनरचं जहाज आलं. बाबा एका आडव्या रांगेतले कंटेनर मोजायला लागले, वीसपर्यंत पोचले तोवर जहाज पुढे गेलं. मधे ओव्हेलग्यॉनेला उतरलो. तिथे नदीकाठी चक्क वाळूचा किनारा आहे. बाबा मूळचे दापोलीचे. धक्क्याच्या खांबावरची ओली रेघ बघून म्हणाले, "ओहोटी लागलीय." समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब आहे, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग नदी कसली? खाडीच आहे ही." आणि खरंच, एल्बे नदीचं पाणी इथे दिवसातून दोनदा साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सहा वर्षं राहून मी ते कधी नीट बघितलं नव्हतं.

*

भरती-ओहोटीचं आम्हाला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं! श्पायखरश्टाट, म्हणजे वखारींच्या भागातल्या अरुंद कालव्यांतून फिरण्यासाठी आम्ही एका छोट्या बोटीची फेरी घेतली. बोट निघाली आणि मग कळलं की पाणी उतरलंय, कालव्यांत जाता येणार नाही. तासभर मोठ्या बंदरात फिरवून आणलं. तिकीट विकताना कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मुलगा हिरमुसला. तेव्हा तिकिटाआधी विचारा: "आज कालव्यांत जाणार का?"

वखारी मग आम्ही पायी बघितल्या आणि ते फार छान झालं. लाल विटांच्या उंच इमारती, प्रत्येकीच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला पाणी. माल बोटीतून यायचा आणि छपराखालच्या कप्पीने वर ओढून घ्यायचे. कॉफी, चहा, मसाले, गालिचे. १८८८ मध्ये हॅम्बुर्ग जर्मनीच्या जकात हद्दीत सामील झालं, पण इथे माल जकातीशिवाय ठेवता यावा म्हणून या वखारी उभ्या केल्या. २०१५ पासून हा भाग जागतिक वारसा यादीत आहे. मसाल्याच्या संग्रहालयाच्या जिन्यात मिरी-दालचिनीचा वास आला आणि मुलगा म्हणाला, "आजीच्या डब्यासारखं!"

त्याच भागात मिनिआटूर वुंडरलांड आहे, छोट्या आगगाड्यांचं. तिथे विमानतळावरून खेळण्यातली विमानं उडतात. वेळ आधी आरक्षित करा, नाहीतर रांगेत दिवस जाईल. एल्बफिलहार्मोनी या संगीत सभागृहाच्या ३७ मीटरवरच्या सज्जातून बंदर सुंदर दिसतं, पण वारा सोसवत नाही. जूनमध्येसुद्धा कानटोपी न्या.

*

आम्ही दोघं रविवारी पहाटे मासळीबाजारात गेलो. हा बाजार १७०३ पासून भरतो. लोकांनी चर्चला जायच्या आत खरेदी उरकावी म्हणून वेळ पहाटेची ठेवली होती. उन्हाळ्यात पाचला सुरू होऊन साडेनऊला आवरतो. एक विक्रेता ट्रकवर उभा राहून टोपलीत केळी, अननस, आंबे टाकत आरोळ्या ठोकत होता. शेवटी शेवटी टोपली स्वस्त होत जाते, तेव्हा नऊनंतर थांबा. मी पावात खारवलेला हेरिंग आणि कांदा घेतला, थंडगार आणि मऊसूत. नवरा शाकाहारी. त्याने फ्रांट्सब्र्योटशेन खाल्ले, म्हणजे लोणी-दालचिनीचा चपटा, पदर सुटलेला गोड पाव. दोन संपवून तिसरा घरी न्यायला घेतला.

*

सेंट निकोलाय चर्च चुकवू नका. १८७४ ते १८७६ ही दोन वर्षं त्याचा १४७ मीटरचा मनोरा जगात सर्वांत उंच होता. जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत चर्च पडलं, मनोरा तेवढा काळवंडून उभा राहिला. त्या दिवसांत शहरात ३० हजारांहून अधिक माणसं गेली. लिफ्टने वर गेलात तर तळघरातलं प्रदर्शनही बघा. मी तिथून बाहेर आले आणि त्या दिवशी पुढे काही बघितलं नाही.

*

मी जहाजावर इंजिनिअर होतो, आता निवृत्त. हॅम्बुर्गजवळच्या वेडेल गावात शुलाऊ इथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना १९५२ पासून सलामी देतात. काठावर झेंडा खाली-वर करतात आणि त्या जहाजाच्या देशाचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर लावतात. आमचं जहाज भारतीय ध्वजाचं. वर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, सगळ्यांनी 'जन गण मन' ऐकलं. जहाज नदीत असेपर्यंत मी खाली इंजिन रूममध्ये स्टँडबाय. कानांवर मफ, बाहेरचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. वर आलो तेव्हा कॅडेट पोरं अजून त्याच गोष्टीत होती.

गेल्या सप्टेंबरात बायकोला घेऊन मुद्दाम गेलो. आधी आल्स्टर तळ्याकाठचं हॉटेल अटलांटिक बाहेरून दाखवलं. ११ सप्टेंबर १९४२ ला नेताजींच्या उपस्थितीत वाद्यवृंदाने तिथे 'जन गण मन' वाजवलं होतं, स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी. दुसऱ्या दिवशी लोकलने वेडेल, पुढे बसने शुलाऊ. आपलं जहाज येण्याची आशा नव्हतीच. दोन तासांनी लायबेरियाच्या ध्वजाचं जहाज आलं, झेंडा खाली-वर झाला, त्यांचं राष्ट्रगीत लागलं. डेकवरून एकाने हात हलवला. आम्ही दोघं कॉफी ठेवून उभे राहिलो.