नाशिकला वाइन टेस्टिंग केलंय का कोणी? (सोसायटी ग्रुप)

बी-५०२: नमस्कार मंडळी, पुढच्या शनिवारी आम्ही दोघं आणि सासूसासरे नाशिकला चाललोय, मुक्काम गंगापूर धरणाकडे. संध्याकाळी वायनरीत (वाइन बनवतात तिथे) टेस्टिंग आणि मग तिथेच जेवण असा बेत आहे. सासरे अजिबात घेत नाहीत, सासूबाईंना कुतूहल आहे 😄 वर्थ आहे का?

ए-२०३ वहिनी: अगं जा जा, आम्ही आत्ताच जाऊन आलो. फक्त उन्हं असताना पोच, सूर्यास्ताला अर्धी मुंबई तिथेच असते फोटो काढत. आणि आता फेब्रुवारी म्हणजे तोडणी चालू असेल, आधी टूर घे मग टेस्टिंग, वाइन आंबवायच्या टाक्या बघून आल्यावर प्यायला जास्त मजा येते

सेक्रेटरी काका: हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि पार्किंगसाठी आहे याची नोंद घ्यावी.

सी-४०१ काका: लिफ्ट गेले चार दिवस बंदच आहे, त्यावर काय बोलणार 🙏 चालू द्या. आमच्या तरुणपणी नाशिकचं नावही नव्हतं वाइनमध्ये, नारायणगावची स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाइन मिळायची, ओमर खय्याम नावाची, लग्नाच्या वाढदिवसाला एकदा आणली होती

ए-७०१: काका बरोबर, नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली आली आणि टेस्टिंग रूम २००५ ला, त्यानंतर हे सगळं पर्यटन वाढलं.

बी-५०२: टेस्टिंगला नक्की काय करतात पण? आणि द्राक्षं आपण खातो तीच का?

ए-७०१: नाही, आपण खातो ती थॉमसन, बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची लहान, बियांची, जाड सालीची. काळ्या द्राक्षाचाही गर बहुतेक वेळा पांढराच असतो, रंग सालीतून येतो, सालीसकट आंबवलं की रेड, साल थोडे तास ठेवून काढली की गुलाबी, म्हणजे रोझे

ए-२०३ वहिनी: आणि ग्लासात तळाला दोन घोटच देतात हां, पेग नाही, आमच्या ह्यांचा तिथेच हिरमोड झाला. आधी व्हाइट मग रोझे मग रेड, गोड सगळ्यात शेवटी. ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेनं व्हाइट गरम होते. फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं पण पैसे भरून थुंकतंय कोण 😂 वाइन ओतणारा मुलगा म्हणाला पेरूचा वास येतोय, मला आधी काही येईना, मग खरंच आला, की त्यानं सांगितलं म्हणून आला देव जाणे

बी-५०२: आणि जेवण?

ए-२०३ वहिनी: तेच सांगायचं होतं. ह्यांनी मटणाबरोबर शिराझ, म्हणजे रेड मागवली कारण मटण म्हणजे रेड असं सगळे म्हणतात. पण रस्सा होता झणझणीत, आणि रेडमध्ये सालीबियांचा तुरटपणा असतो ना, टॅनिन, तो तिखटाबरोबर अजून बोचतो, जीभ नुसती पेटली. मी चेनिन ब्लांक ही व्हाइट घेतलेली, थंडगार, किंचित गोडसर, ती त्याच रश्श्याबरोबर इतकी मस्त गेली की माझा ग्लास ह्यांनीच संपवला. तर तू तिखट मागवणार असशील तर रेडच्या नादी लागू नको, कोणी कितीही शहाणपणा शिकवू दे. रेड घ्यायचीच तर कबाब, चीज असलं काहीतरी. सासूबाईंना लेट हार्वेस्ट दे, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवतात त्यामुळे छान गोड असते, अगदी सरबतासारखी जाते म्हणून लक्ष मात्र ठेव 😄

सेक्रेटरी काका: परवाना लागतो हे कोणी सांगितलं नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा, अजून आहे. एक दिवसाचाही मिळतो.

सी-४०१ काका: काकांचा अभ्यास दांडगा आहे!

बी-५०२: आणि गाडी कोण चालवणार हा खरा प्रश्न, सासऱ्यांना रात्री दिसत नाही नीट

ए-७०१: तिथून हॉटेलपर्यंत रिक्षा-कॅब आधीच ठरवून ठेव, रात्री त्या रस्त्याला पटकन मिळत नाही. जाताना भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्ग घे, इगतपुरीला उतर, कसारा घाट वाचतो

सी-४०१ काका: येताना मनुका आण गं आमच्यासाठी

ए-२०३ वहिनी: काका मनुका तासगावचा, नाशिकहून चिवडा मागवा

सी-४०१ काका: बरं मग चिवडा, एक किलो

ए-७०१: मला पण एक

सेक्रेटरी काका: अर्धा किलो. तिखट कमी.